नाबुंजीला राजा नाही

अक्रा
९ ऑक्टोबर १९९५

ताई,

टिडूच्या लॉरीतून हे पत्र आणि एक बोचकं पाठवतोय. आधी पत्र वाच, मग बोचकं उघड. (उघडलं असशीलच. तुला काय मी ओळखत नाही?)

गेल्या वर्षी कुंजोलीवाल्यांशी झालेल्या लढाईची चौकशी करायला सरकारने जी समिती नेमलीय ना, ती नोव्हेंबरात नाबुंजीला येतेय. मी कचेरीत त्यांच्याच मजल्यावर बसतो, म्हणून आधी कळलं. नदीपासून आपल्या घरांपर्यंतची जमीन कुणाची, आपली की कुंजोलीच्या राजाची, ते तिथेच ठरवणार आहेत. दोन्ही बाजूंना समोर बसवून.

आता घोळ ऐक. सरकार फक्त राजाशी बोलतं. ज्याच्या बुडाखाली कातडं तो राजा, आणि जमीन राजाची, असं सरळ गणित आहे त्यांचं. कुंजोलीवाल्यांकडे सिंहाचं कातडं आहे, छत्री आहे, ढोलवाले आहेत, आता वकीलही आहे. आपल्याकडे काय? आपण कोंकोंबा. तीन पिढ्या तिथे कोनफळं पिकवतोय आणि राजा म्हणाल तर एक नाही. कागदावर आपण कुंजोलीच्या राजाच्या जमिनीवर उतरलेले पाहुणे. पाहुण्याला कधीही ऊठ म्हणता येतं.

म्हणून बिलीजोकाकांना राजा करा. सगळे त्यांचंच ऐकतात. जमिनीला गिनी कोंबडीचा बळी देतात तेही काकाच. बोचक्यात कातडं आहे, बैलाचं आहे पण काळ्या ठिपक्यांचं, लांबून बघणाऱ्याला भारी वाटेल. समिती यायच्या आत काकांना त्यावर बसवा, ढोल वाजवा, शेजारच्या गावांना बोलवा. झाला राजा. बाकीचं मी इथून बघतो.

हट्ट करू नकोस. तुझ्या हट्टाने जमीन जाईल.

तुझा,
सॅम्युएल


नाबुंजी
१८ ऑक्टोबर

सॅम्युएल,

बोचकं आधी उघडलं.

कातडं छान आहे. त्यावर मिरच्या वाळत घातल्यात. खालून ओल लागत नाही, शेळ्याही वासाने लांब राहतात. आणखी असली तर पाठव.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. आधी त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस, खूप हसले. मग मी म्हटलं, नाही काका, तो खरंच म्हणतोय. तेव्हा म्हणाले, "पोराला अक्रात जेवायला मिळतंय ना नीट?"

ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, कारण ते इथेच बसलेत आणि मी काय लिहितेय ते विचारतायत. म्हणतात: मी उघड्या जमिनीवर बसतो, म्हणून ती माझं ऐकते. मधे कातडं आलं की तिला माझा स्पर्शच नाही. मग पेरणीआधी कोंबडी मी द्यायची कुणाला, कातड्याला? तुझ्या बापाने तुला शाळेत घातलं तेव्हा हे विसरायला घातलं नव्हतं.

काकांचं झालं. आता माझं.

तुझा दाजी, माझा वुंबेई, कशासाठी मेला रे? कुंजोलीचा राजा आपल्या प्रत्येक शिकारीचं मागचं तंगडं मागायचा, प्रत्येक लग्नाला बकरा मागायचा, आपली माणसं त्याच्या रानात फुकट राबायची. त्याला नाही म्हटलं म्हणून लढाई झाली ना? मग आता तंगडं द्यायला आपणच घरात एक राजा आणून बसवायचा? काका तंगडं मागणार नाहीत. पण काकांच्या पाठचा मागेल, आणि त्याच्या पाठचा दोन मागेल.

इथलं बाकी सगळं सरकारी कृपेने उत्तम. सहानंतर घराबाहेर पडलं की शिपाई दांडकं उगारतात. डगले घालायला बंदी, म्हणे आत बंदुका लपवता. त्यामुळे काका मिशनच्या फादरने दिलेला गुलाबी स्वेटर घालून हिंडतात. त्यावर बदकं आहेत. नाक्यावरचा शिपाई रोज त्यांना सलाम ठोकतो.

लारिबा

ता. क. नाक्यावर जो कोणी हे पत्र फोडून वाचतोय त्याला: भाऊ, वाचलंस तर वाच, पण मागच्या वेळेसारखा उष्टा हात पुसू नकोस. आणि परत चिकटव.


अक्रा
२७ ऑक्टोबर

ताई,

मिरच्या! मी दोन रविवार बाजार पालथा घातला त्या कातड्यासाठी.

तू हसतेस, इथे माझ्याकडे बघून हसतात. परवा ओदुरोसाहेब, म्हणजे माझे वरिष्ठ, सगळ्यांसमोर म्हणाले, "मकान्जा, तुमच्या लोकांचं धड दिसतं रे, मुंडकं कुठंय? आम्ही बोलायचं कुणाशी? गुडघ्याशी?" सगळे हसले. मीही हसलो. काय करणार होतो?

तू म्हणतेस ते मला कळत नाही असं नाही. वुंबेईदाजींना मीच खांद्यावरून नेलंय. पण ताई, सरकारला कळेल अशा भाषेत बोलल्याशिवाय सरकारकडून काही मिळत नाही. त्यांच्याकडे एकच दार आहे आणि त्या दारातून फक्त राजा जातो. आपण बाहेर उभं राहून ओरडायचं का, की आम्हाला दारंच आवडत नाहीत? आत कुंजोलीवाले बसलेत, चहा पितायत.

राजा नसलेली बाजू समितीसमोर धरलीच जाणार नाही, असं ठरलंय. समोर कुणीच नसलं की पाच मिनिटांत निकाल.

काकांना नको तर राहू दे. मी काहीतरी व्यवस्था केलीय. विचारू नकोस काय. तुम्ही फक्त त्या दिवशी स्वच्छ कपडे घालून या आणि गप्प बसा. एवढं माझ्यासाठी कर.

सॅम्युएल


नाबुंजी
१६ नोव्हेंबर

नाबुंजीचे महाराज सॅम्युएल मकान्जा यांच्या चरणी,

काय हाक मारू? महाराज म्हणू? की साहेब?

काल समिती आली. चार गाड्या, पुढेमागे शिपाई, आणि एका गाडीत नुसत्या खुर्च्या. चिंचेखाली मांडव घातला. दोन मोठ्या खुर्च्या समोरासमोर, दोन्हींवर कातडं. कुंजोलीचा राजा आला, छत्रीखालून, ढोल वाजवत. बसला. दुसरी खुर्ची रिकामी.

आम्हाला वाटलं ती समितीच्या कुणाची तरी असेल. उशिरा येणारा कुणी मोठा साहेब असेल.

मग ते अध्यक्ष, म्हातारे न्यायाधीश आहेत ना, त्यांनी भोंग्यातून पुकारलं, "नाबुंजीचे राजे, सॅम्युएल मकान्जा!"

सगळे मागे वळून बघायला लागले. अरे, शेळ्यासुद्धा.

त्यांनी परत पुकारलं. तेव्हा मागून तलाताम्हातारी ओरडली, "तो अक्रात आहे! फायली उचलतो!" आणि जे हसू फुटलं म्हणतोस! आपली माणसं हसली, कुंजोलीची हसली, त्यांचा ढोलवाला तर ढोलावर आडवा पडला. लढाईनंतर पहिल्यांदा दोन्हीकडची माणसं एकत्र हसली. तेवढं पुण्य तुझ्या नावावर.

मी नाही हसले.

काका पुढे जाऊन मधोमध जमिनीवर बसले, त्या बदकांच्या स्वेटरमध्ये. अध्यक्ष म्हणाले, "आजोबा, मागे बसा. ही जागा राजांची आहे."

काका म्हणाले, "तुमची खुर्ची कशावर ठेवलीय?"

"म्हणजे?"

"खुर्चीखाली काय आहे?"

"जमीन."

"मग तिच्याबद्दलच बोलायचंय ना? मी तिच्यापाशीच बसलोय. बोला."

बोलले नाहीत. त्यांच्या कागदावर काकांचं नावच नव्हतं, तुझं होतं. माणूस समोर बसलाय, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हद्दी सांगायला तयार आहे, पण बोलता येत नाही, कारण तू तिकडे राजा होऊन बसलायस. तुझ्या त्या एका दारात तूच आडवा उभा होतास रे.

मग निकाल झाला. ऐकलाच असशील, तुझ्याच मजल्यावर टाइप झाला असेल. दोन्ही राजे तडजोडीवर सही करेपर्यंत जमीन वादातली. तिथे कुणीही कुदळ मारायची नाही. मारली तर तुरुंग. दोन्ही बाजूंना सारखी बंदी म्हणे. कुंजोलीचा राजा तिथे काय पिकवतो? काही नाही. तो खातो. पिकवतो आपण. मग बंदी कुणावर आली?

माती अजून ओली आहे. या महिन्यात कोनफळांसाठी मातीचे ढीग घातले नाहीत तर नंतर ती दगडासारखी होते, आणि पुढचं वर्ष आपण खायचं काय? तुझं कातडं?

ज्वारी भिजत घातलीय. मोड यायला लागलेत. कशासाठी ते तू विसरला नसशील. अजून विसरला नसशील तर.

लारिबा


अक्रा
२५ नोव्हेंबर

ताई,

दारू गाळू नकोस. हात जोडतो. बाकी हवं ते कर, पण आता गावाला दारू पाजू नकोस. तुझ्या मडक्यातलं जो पितो त्याला तुझ्या रानात कुदळ घेऊन यावंच लागतं, हे मी विसरेन होय? लहानपणी चोरून दोन घोट घेतले म्हणून काकांनी मला उन्हात अकरा ढीग घालायला लावले होते.

पण शिपायांकडे बंदुका आहेत. आणि यावेळी त्यांना वरून सूट आहे.

तुला राग आलाय. येऊ दे. मी माझं नाव घातलं कारण दुसरं कुणी तयार नव्हतं आणि नावाची जागा रिकामी ठेवता येत नव्हती. वाटलं होतं त्या दिवशी मी येईन, पण साहेबांनी रजा दिली नाही. खरं सांगायचं तर रजा मागितलीच नाही. घाबरलो. काकांसमोर त्या खुर्चीवर बसायला घाबरलो.

आता मुद्द्याचं. ओदुरोसाहेबांनी तोडगा आणलाय. नदीकडची अर्धी जमीन कुंजोलीला. उरलेली आपली, कागदावर कायमची, राजाच्या नावाने. त्याबद्दल कुंजोलीला दरवर्षी मान म्हणून काही द्यायचं. मी सही केली की जानेवारीत माझं नाव सरकारी राजपत्रात येईल, नाबुंजीचा राजा म्हणून. बंदी उठेल, शिपाई जातील. कुणी मरणार नाही, ताई. तुझ्या हट्टात आणि माझ्या सहीत एवढा फरक आहे.

सोळा डिसेंबरला सही आहे. मी करायचं म्हणतोय.

सॅम्युएल


नाबुंजी
८ डिसेंबर

सॅम्युएल,

तुझं पत्र आलं तेव्हा मडकी उतरवून झाली होती.

मंगळवारी सकाळी दारू मांडली. अख्खं गाव आलं. कुणाला बोलवावं लागलं नाही, वास पोचला की पुरे. नाक्यावरचे शिपाईही आले. त्यांना कोण नाही म्हणणार, बंदुकवाले पाहुणे. तो कॉर्पोरल आतिंगा, बोल्गाकडचा, म्हणजे आपल्या उत्तरेचाच, त्याने दारूने भरलेला भोपळ्याचा तुंबडा हातात घेतला आणि थांबला. म्हणाला, "आई, ही साधी दारू आहे की कामाची?"

मी म्हटलं, "तुझ्या आईने कधी साधी गाळली होती का?"

हसला. आणि प्यायला. कळून प्यायला, हे लक्षात ठेव. बाकीचे न कळून प्यायले.

मग काका उठले, नदीकडच्या रानात गेले, जमिनीवर बसले आणि कोंबडी दिली. कोंबडी उताणी पडली. जमिनीने हो म्हटलं. काकांनी पहिला ढीग घातला. म्हाताऱ्याचा ढीग वाकडा झाला, पण झाला. मग सगळ्या कुदळी एकदम पडल्या.

लेफ्टनंट जीप घेऊन आला तेव्हा निम्मं रान झालं होतं. कोवळं पोरगं आहे, समुद्राकडचं, इथल्या कोरड्या वाऱ्याने नाकाची सालं निघालेली. ओरडला, "थांबा! कुणाच्या हुकमाने चाललंय हे?"

तलाता म्हणाली, "हुकूम कसला? दारू गाळली होती."

"दारू गाळली म्हणून बंदी मोडता?"

"मग काय पाणी पिऊन मोडायची?"

त्याने शिपायांना बंदुका रोखायला सांगितल्या. रोखल्या. मी आतिंगाकडे बघितलं. त्याला घाम फुटला. शेवटी लेफ्टनंटला म्हणाला, "सर, मी हिच्या मडक्यातलं प्यायलोय." लेफ्टनंट म्हणाला, "म्हणून?" आता हे समुद्राकडच्या माणसाला कसं सांगायचं? आतिंगाने बंदूक जीपमध्ये ठेवली, माझ्या हातातली कुदळ घेतली आणि ढीग घालायला लागला. सुंदर घालतो रे. गोल, उंच, एकसारखे. त्याला बेड्या घालून नेलंय. त्याच्या बायकोला निरोप पाठवलाय की पुढची दोन वर्षं तिच्या घरची कोनफळं नाबुंजीतून येतील.

अजून एक. बांधावर सलामातू येऊन उभी होती, कुंजोलीची, सुकी मासळी विकायची ती. तिचा थोरला आपल्या माणसांच्या हातून गेलाय, तुला माहितेय. एक वर्ष तिने माझ्याकडे बघितलं नव्हतं. म्हणाली, "लारिबा, ढिगांच्या कडेला भेंडी लावू का? पूर्वीसारखी?" मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "मला काय विचारतेस, वाकून लाव." तिने तिथेच कमरेला बांधलेलं भेंडीचं बी सोडलं. म्हणजे बंदी दोन्हीकडच्यांनी मोडली. सरकारला एवढंच हवं होतं ना, दोन्ही बाजू एकत्र?

आता ऐक. लेफ्टनंटने विचारलं, "तुमचा म्होरक्या कोण? मला नाव पाहिजे."

बाकी सगळे म्हणाले, आमच्यात नसतो. तो म्हणाला, "असं कसं? कुणीतरी असतोच."

तेव्हा मी म्हटलं, "आहे ना. तुमच्याच कागदावर आहे. सॅम्युएल मकान्जा. अक्रात असतो."

हो, मीच सांगितलं. सख्ख्या बहिणीने. राजाला छत्री असते तशी बेडीही असते, हे तुझ्या ओदुरोने सांगितलं नव्हतं का?

ते तुझ्याकडे येतील. तुला म्हणतील, तुझ्या लोकांना थांबव. काय सांगायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही, कारण मीही कुणाची राणी नाही.

लारिबा


अक्रा, पोलीस कोठडी
२१ डिसेंबर

ताई,

टिडूला पहारेकऱ्याने आत सोडलं, दोन कोनफळांच्या बदल्यात. टिडू पत्रासाठी जाळीबाहेर उभा आहे, म्हणून घाईत लिहितोय.

ते चौदाला आले. कार्यालयातच. आधी ओदुरोसाहेबांनी मला खुर्ची दिली. सहा वर्षांत पहिल्यांदा. कॉफी मागवली. सोबत पोलिसांचे एक साहेब होते.

ओदुरोसाहेब म्हणाले, "मकान्जा, घाबरू नकोस. हे तुझ्या फायद्याचंच आहे. तू राजा म्हणून हुकूम काढ की कुदळी थांबवा. लगेच इथेच तोडग्यावर सही कर. हुकूम पाळला गेला की तू खरा राजा ठरलास. जानेवारीत राजपत्रात नाव, गाडी, सगळं."

कागद समोर होता. पेन पण दिलं. ताई, खरं सांगतो, पेन मी हातात घेतलं.

मग डोळ्यांसमोर आलं, मी हुकूम पाठवलाय आणि तू तो तलाताला मोठ्याने वाचून दाखवतेयस. आणि सगळं रान हसतंय. मला हसूच आलं. पोलिसांच्या साहेबांना वाटलं मी त्यांनाच हसतोय, ते तापले.

मी म्हटलं, "साहेब, हुकूम काढता येणार नाही."

"का?"

"आमच्यात कुणी कुणाची कुदळ थांबवू शकत नाही."

ओदुरोसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "मग तू राजा कसला?"

"राजा नाहीच. खोटं लिहिलं होतं. नाबुंजीला राजा नाही. जमिनीचं विचारायचं असेल तर बिलीजोकाकांना विचारा, ते तुमच्यासमोर बसले होते. नाहीतर कुणालाही विचारा. रानात कुदळ मारणारी कुठलीही बाई सांगेल."

नोकरी गेली. सरकारला खोटं सांगितलं म्हणून एक कलम, बंदी मोडायला चिथावलं म्हणून दुसरं. मी म्हटलं, राजाच नाही तर चिथावेल कोण? तेव्हा कानाखाली बसली.

पण सही झाली नाही. राजाच नाही तर सही कुणाची? तोडगा पडला. नदीकडची अर्धी जमीन कुणाला देताच आली नाही, कारण द्यायला कुणी नव्हतं. कुंजोलीच्या वकिलाने इथे ठाण्यात येऊन दोन तास डोकं धरलं होतं, मी जाळीतून बघत होतो.

शिपाई वाढवतील, हे मात्र नक्की. दोन ट्रक भरून निघालेत म्हणे. सांभाळा. पण थांबू नका. हा हुकूम नाही, विनंती आहे. विनंती करता येते ना मला?

तुझ्यावर रागावलोय. आयुष्यभर राहीन. तू माझं नाव सांगितलंस हे बरं केलंस.

सॅम्युएल


नाबुंजी
११ जानेवारी १९९६

सॅम्युएल,

करता येते.

दोन्ही ट्रक आले. नवे शिपाई, नवा अधिकारी, जुनाच प्रश्न: तुमचा म्होरक्या कोण? आता तर कागदावरही कुणी नाही. म्हणून आज एकाला उचलतात, उद्या दुसऱ्याला. काकांना दोन रात्री ठेवून सोडलं. मला परवा नेलं होतं, चार तास. अधिकाऱ्याने विचारलं, "तुला पकडलं की काम थांबेल का?" मी म्हटलं, "थांबेल की. माझं थांबेल." त्याने खिडकीतून रानाकडे बघितलं आणि मला घरी पाठवलं.

नदीकडचं रान पुरं झालं. ढिगांत बेणं लावून वर गवताच्या टोप्या घातल्यात. आता ओढ्यापलीकडचं धरलंय, लढाईपासून पडून होतं ते. सलामातूने कुंजोलीच्या आणखी सात जणी आणल्यात. त्यांच्या राजाने निरोप पाठवला म्हणे की घरी या. त्या म्हणाल्या, भेंडी लावून येतो.

समितीचंही पत्र आलंय. जूनमध्ये परत येणार, तोवर राजाचं नाव कळवा म्हणतात. मी वाचून दाखवलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि कामाला लागलो.

टिडूबरोबर एक वकील पाठवतेय तुझ्यासाठी, मिशनच्या फादरच्या ओळखीचा. बोलतो फार, पण ऐकतोही. तुला सोडतील तेव्हा थेट रानात ये. घरी कुणी सापडायचं नाही.

लारिबा